सावली सरकेपर्यंत

आनंदरावांनी काठीने वाटेवरचा वाळलेला सागपाला बाजूला सारला, खालचा दगड दोनदा ठोकून पाहिला आणि मगच पाऊल पुढे टाकलं. मनकर्णा चार पावलं मागे थांबून राहिली. ते सरकले की ती सरकायची, ते थांबले की थांबायची. साठी उलटलेल्या नवऱ्यामागे डोंगर चढायची तिला आता सवय झाली होती. घाई करायची नाही, चढताना बोलायचं नाही, पाणी तहान लागायच्या आधी प्यायचं. हे नियम त्यांचे होते आणि तिने ते कधी मोडले नव्हते.

सकाळचे आठ वाजले होते, तरी ऊन पाठीला भाजत होतं. सागाची, सालईची झाडं पार उघडी पडली होती. तेंदूपत्ता तोडायला पहाटेच वर आलेल्या बाया आता खाली उतरत होत्या. त्यांच्या एकमेकींना दिलेल्या हाका उतारावरून तुटक ऐकू येत होत्या. नऊनंतर या डोंगरावर माणूस सापडायचा नाही, असं देवलापारच्या सडकेवरच्या चहावाल्याने सांगितलं होतं. आनंदराव त्याला म्हणाले होते की नऊनंतर आम्हीही वर नसू, दहाच्या आत सडकेला लागू.

त्यांचा हिशेब सहसा चुकत नसे. चौतीस वर्षं त्यांनी मालगाडीवर गार्ड म्हणून काढली होती. गाडीच्या शेवटच्या डब्यात उभं राहून त्यांनी जे डोंगर पाहिले, ते सगळे मागे मागे जाणारे. त्यांचे वडील दरसाल महादेवाला पचमढीचा डोंगर चढायचे. छप्पन साली घराने धम्म घेतला, महादेव घरातून गेला. डोंगर मात्र आनंदरावांच्या मनात कुठेतरी राहून गेला असावा. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅनव्हासचे बूट घेतले, पाण्याची एक छागल घेतली आणि बायकोला म्हणाले, चल, आपण आता देवासाठी नाही, पायांसाठी चढू.

ती निघाली ती मात्र वेगळ्या कारणाने. पाच वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांच्या मुलाचं, यशवंताचं लग्न झालं. त्याच रविवारी पहाटे त्यांची मुलगी सुमती गोंदियाला, सासरी, काविळीने गेली. चोवीस वर्षांची होती. तेव्हापासून मेमधले ते तीन-चार दिवस नागपूरच्या घरात काढायचे नाहीत, असं दोघांनी न बोलताच ठरवून टाकलं. एका वर्षी चिखलदरा झालं, एका वर्षी धूपगड, यंदा मुक्काम रामटेकला होता. यशवंत आणि त्याची बायको प्रेमिला मागे घरी राहत. लग्नाचा वाढदिवस त्या घरात कधी झाला नाही. चढण लागली, छाती भरून आली, की मनकर्णाच्या डोक्यातलं सगळं गळून पडायचं. उरायचा तो फक्त पुढचा दगड. या एका गोष्टीसाठी ती नवऱ्याचे मनापासून आभार मानायची. तोंडाने कधी म्हणाली नव्हती.

माथ्याच्या थोडं खाली एक सपाट कातळ होता. तिथे ते बसले. तिने फडकं सोडून भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा काढला. खाली, उघड्या झाडांच्या पलीकडे, सालईटोल्याची दहा-बारा कौलारू घरं दिसत होती. त्यांच्या मागे सडकेची करडी रेघ.

भाकरीचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली,

"तो तारवाला जिवंत असंल का हो अजून?"

असं ती दरवर्षी एकदा म्हणायची. जावयाने तार शुक्रवारी सकाळी केली होती. ती नागपुरात पोचली रविवारी संध्याकाळी, लग्न उरकल्यावर. तसं आनंदरावांनी तिला मांडवात येऊन सांगितलं होतं. रात्रीच्या गाडीने निघून ते सोमवारी पोचले, तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, सासरच्यांना थांबता आलं नव्हतं. लेकीचं तोंडही तिला दिसलं नाही. तारघरावरून जाताना ती आजही पदर तोंडाशी धरायची.

"दोन दिवस माझ्या लेकीची तार खिशात घेऊन फिरला असंल," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. इतक्या वेळा म्हणून झालेलं ते वाक्य होतं.

आनंदरावांनी हातातला घास फडक्यावर ठेवला.

"त्याले नको बोलू," ते म्हणाले.

"काहून?"

"तार शुक्रवारीच आली होती. दुपारी. मीच घेतली. त्याच्या वहीत माझी सही आहे."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. ते खालच्या गावाकडे पाहत होते. मग त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. अपघाताचा रिपोर्ट लिहून द्यावा तसं. मांडवाचे बांबू रोवले जात होते. तारेत सुमती सिरियस आहे, लवकर या, इतकंच होतं. तिला दरवर्षीच काही ना काही व्हायचं. नवऱ्याच्या माणसांनी दवाखान्यात घातलंच असेल, असं त्यांना वाटलं. नवरीकडचे दोनशे लोक अमरावतीहून निघायच्या बेतात होते. मनकर्णाला सांगितलं असतं तर ती त्याच घडीला निघाली असती आणि लग्न मोडलं असतं. दोन दिवसांचाच प्रश्न आहे, असं ते स्वतःला म्हणाले. रविवारी निघूच. नंतर सांगायचं राहून गेलं ते राहूनच गेलं. पण एका निर्दोष माणसाला पाच वर्षं शिव्या बसतात, हे त्यांना आता सोसत नव्हतं.

मनकर्णाने एकच विचारलं.

"कुठे ठेवली होती?"

"कोटाच्या आतल्या खिशात."

घरी समोरच्या भिंतीवर लग्नाचा फोटो होता. पांढऱ्या कपड्यातली नवरानवरी, शेजारी ती, आणि तिच्या शेजारी तो कोट घातलेले आनंदराव. मे महिन्यात कोट कशाला, असं तिनेच त्या दिवशी हसून विचारलं होतं.

तिने उरलेली भाकर फडक्यात बांधली. गाठ मारली. छागल त्यांच्यासाठी कातळावर तशीच ठेवली आणि उठून उतरायला लागली. त्यांनी मागून हाक मारली. ती थांबली नाही. पाऊल ठोकून पाहणं नाही, काही नाही. पाय पडेल तिथे ठेवत ती उतरत होती. ते परत हाक मारत होते, थांब वं, माझं ऐकून घे. मग तिला कळलं की त्यांनी पायवाट सोडली आहे आणि तिला गाठायला ते सरळ उतारावरून येत आहेत. पाला चुरचुरला. काठी दगडांवरून खडखडत घरंगळली. त्यामागून काहीतरी जड पडल्याचा आवाज आला.

ती पाठमोरीच उभी राहिली, एक दोन श्वासांपुरती. मग वळली.

ते एका मोठ्या खडकाच्या पायथ्याशी पडले होते. उजवा पाय नको तसा वळला होता. चेहरा राखेसारखा झाला होता, पण शुद्ध होती. तिने त्यांना काखेत धरून खडकाच्या सावलीत ओढलं, तेव्हा त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तसा तिने पस्तीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ.

"मांडीचं हाड गेलं," ते म्हणाले. "मले हलवता येणार नाही. तू ओढ्याच्या काठानं उतर. पाऊण तासात गाव लागते. चार माणसं आणि खाट आणजो."

तिने वर जाऊन छागल आणली, त्यांच्याजवळ ठेवली. त्यांनी खिशातून जुनी शिट्टी काढली. गार्डची ती शिट्टी ते निवृत्तीनंतरही डोंगरावर बरोबर ठेवत.

"दर दहा मिनिटांनी वाजवीन. ठिकाण सापडंल त्यांना." मग मान वळवून त्यांनी खडकाच्या सावलीची कड पाहिली. "ही साडेअकरापर्यंत आहे. तोवर येजो."

ती निघाली.

उतार तिने नीट उतरला. ओढा कोरडा होता, पांढऱ्या वाळूचा. तिच्या मागे पहिली शिट्टी झाली, मग दहा मिनिटांनी दुसरी. सव्वादहाला ती सालईटोल्याच्या विहिरीपाशी पोचली. विहिरीजवळ चिंचेची गर्द सावली होती. सात-आठ बाया तिथे तेंदूची पानं जुळवून पुडकी बांधत बसल्या होत्या. हातांची गती न थांबवता त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

ती विहिरीपासून थोडी दूर थांबली. परक्या गावात पाणी कोणी वरून ओंजळीत ओतेल म्हणून थांबायची लहानपणची सवय अजून अंगातून गेली नव्हती. त्यांच्यातली एक, रंभाबाई नावाची, चाळिशीतली उंच बाई उठली. तिने बादली ओढली, लोटा भरला आणि सरळ तिच्या हातात दिला.

"घ्या जी. कोठून आल्या?"

मनकर्णाने तोंड उघडलं. माझे मालक वर पडले आहेत, एवढंच म्हणायचं होतं. शब्द तयार होते. वाटभर ती तेच जुळवत आली होती.

"रामटेकहून," ती म्हणाली.

"एकट्याच?"

तिने लोटा तोंडाला लावला. पाणी गार होतं. ते संपेपर्यंत रंभाबाई उभी राहिली, मग लोटा घेऊन गेली आणि पुन्हा पानांपाशी बसली. तिने परत विचारलं नाही. दुसऱ्याच्या दुखण्यात उगाच बोट घालू नये, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

मनकर्णा चिंचेच्या मुळावर बसली. दम खाते आणि सांगते, असं तिने ठरवलं.

वरून शिट्टी आली. डोंगराची ती बाजू गावावर ओणवी होती, त्यामुळे आवाज बारीक पण स्वच्छ येत होता.

शुक्रवारी दुपारी तार आली. म्हणजे शनिवारचा अख्खा दिवस त्यात आला. शनिवारी या वेळी आपण काय करत होतो, ते तिला आठवायला लागलं. अंगणात बायांबरोबर ती तूर डाळ निवडत होती. शेजारच्या इंदूबाईने नवरीच्या बापाच्या मिशांवर काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. ती इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं, आणि पदराने डोळे पुसताना तिला दारात आनंदराव दिसले. ते तिच्याकडे पाहत होते. बराच वेळ पाहत होते. त्यांना आपला आनंद पाहून बरं वाटतंय, असं तिला तेव्हा वाटलं होतं. ती त्यांच्याकडे पाहून आणखी हसली होती.

तेव्हा तिकडे सुमती जिवंत होती. चार घंट्यांच्या गाडीवर. ज्या लाइनीवर या माणसाने उभी हयात गाडी नेली, त्याच लाइनीवर. डोळे पिवळे झाले होते, आई आली का म्हणून विचारत होती, असं जावई म्हणाला होता.

पुन्हा शिट्टी झाली.

"कोणतं पाखरू ओरडून राहिलं जी हे?" रंभाबाईने मान वर न करता विचारलं.

"मले नाही माहीत," मनकर्णा म्हणाली.

आपण काय बोललो हे तिला ऐकू आलं. एका बाईने म्हटलं, असेल एखादं. बोलणं परत पानांकडे वळलं. मनकर्णाने आपले हात पाहिले. त्यांना ओढून आणताना नखांत माती गेली होती. ते मरावेत असं तिला वाटत नव्हतं. तसं वाटलं असतं तर ती घाबरून उठली असती. तिला काहीच वाटत नव्हतं. फक्त तोंड उघडायचं होतं आणि ते उघडत नव्हतं. आणि प्रत्येक शिट्टीनंतर ते आणखी जड होत होतं, कारण आता सांगितलं तर आतापर्यंत का नाही सांगितलं, हेही सांगावं लागणार होतं. त्यांचंही असंच झालं असेल का, हा विचार मनात आला आणि तिने तो परतवला.

चिंचेची सावली आखडत आली. बायांनी बसायची जागा एकदा बदलली. तीही त्यांच्याबरोबर सरकली. शिट्ट्या वेळेवर येत होत्या, तितक्याच लांब, तितक्याच शांत. घाईची एकही नव्हती. ते घाबरलेले नव्हते. ती येईल याची त्यांना खात्री होती.

मग एक आली ती अर्ध्यात तुटली.

पुढची येईल म्हणून ती थांबली. बायांची पाच पुडकी बांधून झाली, दहा झाली. डोंगराकडून काही आलं नाही. ऊन पांढरं झालं होतं. विहिरीच्या काठावर पाय ठेववत नव्हता.

मनकर्णा उठून उभी राहिली.

"माझे मालक वर पडले आहेत," ती म्हणाली. "खडकापाशी. पाय मोडला आहे."

कोणी काही विचारलं नाही. रंभाबाईच्या मांडीवरची पानं खाली सांडली. ती ओरडत घरांकडे धावली. तिचा नवरा बळीराम आणि आणखी तिघं माणसं झोपेतून उठून आली, एकाने अंगणातली खाट उचलली. मनकर्णा त्यांच्यापुढे निघाली. तिला ते मागे राहा म्हणत होते, पण ती थांबली नाही. ते खडकापाशी पोचले तेव्हा पाऊण वाजला होता आणि तिथे सावलीचं नाव नव्हतं. आनंदराव डोळे अर्धवट उघडे ठेवून पडले होते. अंग तव्यासारखं तापलं होतं, पण घाम नव्हता. छागल रिकामी, शेजारी.

त्यांनी कोणालाच ओळखलं नाही.

•

नागपूरच्या सरकारी दवाखान्यात त्यांना तीन दिवसांनी शुद्ध आली. पायाला वजनं बांधून ठेवली होती. हाड जुळेल, असं डॉक्टर म्हणाले. पण उन्हाने डोक्यात नुकसान केलं होतं. डावा हात उचलत नव्हता आणि शब्द जिभेवरून सावकाश, ओढत यायचे. तास-दीड तास आधी सावलीत आणलं असतं तर हे टळलं असतं, असंही डॉक्टर म्हणाले. ते यशवंतला उद्देशून होतं, पण मनकर्णा तिथेच, खाटेच्या पायथ्याशी बसली होती.

यशवंत वीज बोर्डात कारकून होता. त्याने सुट्टी टाकली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो आईची गोष्ट सांगायचा: छप्पन वर्षांची बाई, मे महिन्याचं ऊन, एकटी डोंगर उतरली आणि माणसं घेऊन परत चढली. लोक मनकर्णाकडे पाहून माना हलवायचे. वस्तीतल्या बाया तिचा हात हातात घ्यायच्या. विहारात तिचं नाव निघालं, असं प्रेमिलाने सांगितलं. प्रेमिलाला सातवा महिना लागला होता. पाच वर्षांनी पहिल्यांदा त्या घरात काही चांगलं होऊ घातलं होतं.

मनकर्णा नवऱ्याला भरवायची, पुसायची, कूस बदलायला नर्सला मदत करायची. दोघं फारसं बोलत नसत. शुद्धीवर आल्यावर त्यांनी एकदा तिच्याकडे पाहून विचारलं होतं, किती वाजता पोचलीस? ती पाणी आणायला म्हणून उठून गेली होती. त्यांनी परत विचारलं नाही. ती मात्र जेवेनाशी झाली. ताट समोर आलं की घास तोंडापर्यंत जायचा आणि परत यायचा.

दहाव्या दिवशी दुपारी रंभाबाई आणि बळीराम वॉर्डाच्या दारात उभे दिसले. सालईटोल्याहून सकाळच्या बसने आले होते. विचारत विचारत त्यांनी वॉर्ड शोधला होता. बळीरामच्या हातात पळसाच्या पानांचा द्रोण होता, त्यात चारं, चारोळीची पिकली फळं. यशवंतने त्यांना ओळखलं नाही. कळल्यावर त्याने वाकून बळीरामचे हात धरले, बसायला स्टूल आणलं. बळीराम संकोचून उभाच राहिला. रंभाबाई खाटेजवळ आली, आनंदरावांचा निर्जीव हात तिने पाहिला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझ्या मनाले लय टोचते जी," ती यशवंतला म्हणाली. "म्हणूनच मी यांच्या मागं लागली, का मले एक डाव तिथं घेऊन चला. बाई चांगला दीड घंटा विहिरीपाशी बसून होत्या. मी पाणी देल्लं, पर इचारलं नाई. शिट्टी आयकू येत होती, तरी मले उमजलं नाई. मी इचारलं असतं तर यायचा हात राह्यला असता."

वॉर्डात पलीकडे कोणीतरी खोकत होतं. यशवंत रंभाबाईकडे पाहत होता, मग त्याने आईकडे पाहिलं. प्रेमिला द्रोण हातात धरून उभी होती.

"दीड घंटा?" यशवंत म्हणाला.

मनकर्णा उभी राहिली. तिला जमिनीवरच्या फरशीची भेग दिसत होती. सांगायचं असेल तर आता, तिला वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे तिची जीभ मोकळी होती. पण सुरुवात कुठून करायची? विहिरीपासून करता येत नव्हती. विहिरीच्या आधी कातळ होता, कातळाच्या आधी तार होती, आणि तार सांगितली की यशवंतचं लग्न आलं. मांडवात हा हसत उभा होता, बाप शेजारी उभा होता, आणि बापाच्या खिशात बहीण. हे त्याला कळलं की पुढे आयुष्यभर त्याने बायकोकडे कसं पाहायचं? त्या पोटातल्याकडे कसं पाहायचं?

"बाई," आनंदराव म्हणाले.

सगळे वळले. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. त्यांनी उजवा हात थोडा वर केला.

"तिले ऊन लागलं होतं. ऊन लागलं का... बोलणं बंद होते माणसाचं. रेल्वेत पाहिलं आहे मी. तुमचा... काही दोष नाही."

रंभाबाईने पदराने डोळे पुसले. बळीराम म्हणाला की बरोबर आहे, त्याच्या भावाचं तसंच झालं होतं, अर्धा दिवस वाचा गेली होती. आनंदरावांनी मान हलवली. एवढ्या बोलण्याने ते थकले होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत, मनकर्णाकडे पाहिलं. त्या नजरेत ती काही शोधत राहिली. क्षमा नव्हती, आणि मागणंही नव्हतं. त्यांना सगळं कळलं होतं आणि त्यांनी ते आपल्याकडे ठेवून घेतलं होतं.

पाहुण्यांना सोडायला यशवंत बसस्टँडपर्यंत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात औषधाच्या दुकानातली पिशवी होती. खाटेजवळ येऊन तो आईसमोर उभा राहिला.

"आई, खरंच ऊन लागलं होतं तुले?"

आनंदराव छताकडे पाहत होते.

"हो," मनकर्णा म्हणाली.

"मग इतके दिवस बोलली काहून नाही? जेवण नाही, झोप नाही, मी समजून राहिलो बाबांची काळजी. अंगातच राहिलं असंल ते." त्याने पिशवीतून ग्लुकोजचा डबा काढला, झाकण उघडलं. प्रेमिलाने माठातून पेला भरून आणला. यशवंतने दोन चमचे घातले, विचार करून तिसरा घातला आणि बराच वेळ ढवळत राहिला. येताना त्याने डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले होते, दिवसातून तीनदा द्या, आठ दिवस.

त्याने पेला तिच्या हातात दिला आणि ती पिईपर्यंत तिथून हलला नाही. मनकर्णाने पेला ओठांना लावला. पाणी फार गोड होतं. शेजारी खाटेवर आनंदरावांनी मान तिच्याकडे वळवली. दोघंही पाहत होते, मुलगा आणि नवरा. तिने एका दमात सगळं पिऊन टाकलं आणि पदराने तोंड पुसलं.

"बरं वाटंल आता," यशवंत म्हणाला.